अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल बघू की डोन्ट वरी, आय'म फाइन?

दोन्ही फ्रेंच, दोन्हीत घरातलं एक माणूस अचानक जातं आणि वाढत्या वयाच्या पोराला त्याचा छडा लावायचाय. पण वेळ एकाच पिक्चरपुरता असेल तर आधी हे वाचा, शेवट फोडत नाही.

अ‍ॅनाटॉमी (२०२३, दिग्दर्शक जस्टिन त्रिए) तुम्ही ऐकलेला असेलच, फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये पाम दोर, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला, नंतर पटकथेचं ऑस्कर पण. आल्प्समधलं बर्फातलं घर, ११ वर्षांचा डॅनियल, त्याला नीट दिसत नाही, कुत्र्याला फिरवून परत येतो तर बाबा घराखाली मरून पडलेले. आरोप आईवर. पुढे ग्रनोब्लच्या कोर्टात आईबाबांच्या भांडणाचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर वाजवतात आणि हे पोरगं तिथेच बसून ते ऐकतं, मला तर तिथे त्याला उचलून बाहेर न्यावंसं वाटलं. अडीच तासांचा आहे, बोलणं खूप, इंग्रजीही बरंच, त्यामुळे सबटायटल्सचा कंटाळा असेल तरी जमेल.

डोन्ट वरी (२००६, फिलिप लिओरे) त्यामानाने कमी लोकांनी बघितलाय आणि मला त्याचंच वाईट वाटतं. १९ वर्षांची लिली बार्सिलोनाहून सुट्टी संपवून घरी येते तर जुळा भाऊ लोइक घरात नाही. बाबांशी भांडून गेला म्हणतात, आणि आईबाबा पुढे बोलायलाच तयार नाहीत. फोन नाही, निरोप नाही. पोरगी जेवणच सोडते, हॉस्पिटलात न्यावं लागतं, आणि मग भावाची पोस्टकार्डं यायला लागतात, प्रत्येक कार्डात बाबांना शिव्या. लिलीचं काम मेलानी लोराँने केलंय आणि बाबा झालाय काद मेराद, जो एरवी कॉमेडीसाठी ओळखला जातो. दोघांनाही सेझार, म्हणजे फ्रान्सचा ऑस्करसारखा पुरस्कार मिळाला.

खरा फरक काय, तर डॅनियलला नको तेवढं सांगितलं जातं आणि लिलीला काहीच सांगत नाहीत. आपल्याकडे घरात कोणी गेलं की लहान पोरांना शेजारच्यांकडे पाठवून देतात ना, पोरांना काय कळतंय म्हणून, ती पोरं मोठी झाल्यावर त्यांना लिली लगेच कळते. म्हणून माझं मत डोन्ट वरीला, दीड तासाच्या थोडाच वर आहे आणि शेवटी उत्तरही मिळतं. अ‍ॅनाटॉमीत ते डॅनियलला स्वतःच ठरवावं लागतं, ज्यांना पिक्चर संपल्यावर तासभर वाद घालायला आवडतो त्यांनी तोच घ्यावा.

फक्त घरात कुणाला जेवणाखाण्यावरून त्रास चालू असेल तर डोन्ट वरीमधला हॉस्पिटलचा भाग खूप लागेल, त्यांना सध्या तरी दाखवू नका. आणि कथा आधी नेटवर वाचू नका प्लीज. एकदा बघून झाला की परत लावा, आणि त्या वेळी फक्त बाबांच्या चेहऱ्याकडे बघा.