सबफ्रेमचे पॉलियुरेथेन बुश आणि बोल्टचा संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

1967 ते 1969 च्या शेव्हरोले कॅमारो गाडीची पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन धरणारी वेगळी चौकट) बॉडीला सहा ठिकाणी धरलेली असते: दोन रेडिएटर सपोर्टला, दोन फायरवॉलखाली (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीखाली) आणि दोन त्यामागे फ्लोअरखाली. इंजिन, स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन, सगळा भार इथूनच बॉडीत जातो. मूळ रबर बुशच्या (सबफ्रेम आणि बॉडीमधल्या गादीसारख्या तुकड्यांच्या) जागी पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे) बुश, स्टीलच्या स्लीव्ह (बुशच्या आतल्या, बोल्ट ज्यातून जातो त्या नळ्या) आणि ग्रेड 8 चे (जास्त ताकदीचे) बोल्ट बसवून आठ महिने झाले. बुश उत्तम निघाले. त्यांच्यासोबत आलेले वॉशर आणि स्लीव्ह मात्र जसेच्या तसे बसवण्याच्या लायकीचे नव्हते.

आधी स्लीव्हबद्दल, कारण सगळा खेळ तिचाच आहे. बोल्ट आवळला की वॉशर, स्लीव्ह आणि बॉडी ही साखळी धातूला धातू भिडून घट्ट व्हायला हवी. बुशने फक्त ठरलेल्या मापापर्यंत दबायचं. स्लीव्ह आखूड असेल तर सगळा ताण बुशवर येतो, पॉलियुरेथेन हळूहळू बसत जातं आणि टॉर्क पान्याने (ठरलेला जोर आला की ‘क्लिक’ करणाऱ्या पान्याने) नीट आवळलेला बोल्टही काही आठवड्यांत सैल पडतो. लांब असेल तर बुश मोकळा राहतो आणि खड्ड्यात ठक्‌ आवाज येतो. म्हणून बसवण्याआधी फायरवॉल आणि फ्लोअरच्या चारही स्लीव्ह व्हर्नियरने मोजा. या संचात एक बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर लांब होती. कानस मारून, तोंड काटकोनात ठेवून ती जुळवावी लागली.

बोल्टच्या डोक्यावरच्या खुणा पाहा. इंची बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड 5, सहा रेघा म्हणजे ग्रेड 8. मेट्रिकमध्ये त्यांच्या जवळपासचे म्हणजे 8.8 आणि 10.9. मूळ बोल्ट इंची असताना ‘बसतोय ना’ म्हणून मेट्रिक बोल्ट घालू नका. अर्ध्या इंचाच्या भोकात 12 मिमीचा बोल्ट घातला तर 0.7 मिमी मोकळीक उरते, आणि आट्यांचा पिचही (दोन आट्यांमधलं अंतर) जुळत नाही. पहिले दोन-तीन आटे हाताने फिरतात, मग बॉडीतला कोंडलेला (पत्र्याच्या आत बंद असलेला) नट खराब होतो. तो बदलायला फ्लोअर कापावा लागू शकतो.

स्टेनलेसचा मोह टाळा. नेहमीच्या ए2-70 स्टेनलेसची ताकद 8.8 पेक्षा कमी असते, आणि आवळताना आटे एकमेकांत चिकटून बसतात.

नवा वॉशर जाड असेल तर बोल्टची लांबीही पुन्हा तपासा. नटात निदान बोल्टच्या व्यासाइतके आटे गेले पाहिजेत. उलट बोल्टचा बिनआट्याचा भाग फार लांब असेल तर तो नटाच्या तोंडाशी अडतो. पाना ‘क्लिक’ करतो, पण सबफ्रेम आवळलेलीच नसते. संचातले वॉशर इतके मऊ होते की पहिल्याच आवळणीत वाटीसारखे वाकले. त्यांच्या जागी जाड, कडक केलेले सपाट वॉशर घातले. स्प्रिंग वॉशरचा इथे काही उपयोग नाही. एवढ्या ताणाखाली तो सपाट होऊन साध्या वॉशरसारखाच राहतो.

बसवताना एका वेळी एकच बाजू सोडा, सबफ्रेमखाली जॅक आणि बॉडीखाली स्टँड ठेवून. कोंडलेल्या नटात टॅप (नवे आटे पाडायचं हत्यार) घालू नका, तो धातू खरवडतो. आटे साफ करायचा चेसर वापरा. सगळे बोल्ट हाताने लावून झाले की सबफ्रेमची मापाची भोकं बॉडीच्या भोकांशी सळईने जुळवा आणि मगच आवळा. ही पायरी गाळली तर पुढे व्हील अलाइनमेंटला शिम (चाकांचा कोन जुळवायच्या पातळ चकत्या) पुरत नाहीत. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, पण तो कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे नक्की पाहा. कोरड्या आट्यांचा आकडा ग्रीस लावलेल्या बोल्टला वापरला तर ताण तिसऱ्या हिश्शाने वाढू शकतो.

पहिल्या 500 किलोमीटरनंतर तपासलं तेव्हा मागचे दोन्ही बोल्ट थोडे फिरले. तेव्हा डोक्यापासून वॉशरपर्यंत मारलेली रंगाची रेघ त्यानंतर हललेली नाही. स्टिअरिंग स्पष्टपणे नेमकं झालं आहे, ब्रेक लावताना पुढचा भाग वळवळत नाही. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) फ्लोअरमध्ये थोडं कंपन वाढलं. पावसाळ्यात करकर सुरू झाली होती, ती बुश काढून सिलिकॉन ग्रीस लावल्यावर थांबली. हे ग्रीस खरं तर बसवतानाच लावायला हवं.

लांबच्या प्रवासाची शांत गाडी हवी असेल तर रबरच घ्या. भरीव ॲल्युमिनियमचे माउंट ट्रॅकवरच्या गाडीसाठी ठीक आहेत, पण चार ठिकाणी भरीव आणि दोन ठिकाणी जुनं रबर अशी मिसळ करू नका: कडक जागांवर सगळा पीळ येतो आणि तिथलाच पत्रा तडकतो. बुशची उंची बदलली तर फेंडर आणि दरवाजामधली फटही बदलते, म्हणून जुने बुश फेकण्याआधी त्यांची उंची मोजून लिहून ठेवा. दबलेल्या रबराचं माप नव्यापेक्षा कमी येणार, हे मात्र हिशेबात धरा.