नवं टर्मिनल: बाहूवाली इमारत की सॅटेलाइट?

नव्या टर्मिनलचा आराखडा टेबलावर आला की आधी छपरावर चर्चा रंगते. छपराला वेळ आहे. आधी ठरवायचं ते एवढंच, की विमानं मुख्य इमारतीलाच लागणार की एप्रनच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या मोकळ्या आवाराच्या, मधोमध उभ्या केलेल्या वेगळ्या इमारतींना, म्हणजेच सॅटेलाइटना. पहिल्या प्रकारात मुख्य इमारतीतून लांब बाहू निघतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एरोब्रिज, म्हणजे विमानाच्या दाराला लागणारे बंदिस्त पूल, असतात. दुसऱ्यात चेक-इन, सुरक्षा तपासणी आणि सामान मुख्य इमारतीत, विमानं सॅटेलाइटपाशी, आणि मध्ये बहुतेक वेळा ट्रेन. एकदा पाया भरला की हा निर्णय फिरवता येत नाही.

चालण्याच्या अंतरापुरतं पाहिलं तर बाहूवाली इमारत साधारणपणे सरस. बीजिंगच्या 2019 मध्ये सुरू झालेल्या दाशिंग विमानतळावर मध्यवर्ती दालनातून पाच बाहू चांदणीसारखे फुटतात. 79 गेट असूनही सुरक्षा तपासणीपासून सर्वांत लांबचं गेट सुमारे 600 मीटरवर आहे. मात्र श्रेय मांडणीचं आहे, एकाच छपराचं नव्हे. ओसाकाजवळच्या कान्साईचं 1994 चं टर्मिनलही एकसंधच, पण सरळ रेषेत 1.7 किलोमीटर पसरलेलं. तिथे इमारतीतल्या इमारतीत शटल चालवावी लागते.

सुरक्षा तपासणी एका जागी ठेवणं दोन्ही प्रकारांत जमतं, आणि त्यात तडजोड करू नका. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीने 1972 मध्ये गोलाकार टर्मिनलं बांधली. गाडीतून उतरा, चार पावलं टाका, गेट हजर. पुढे तपासणी कडक झाली, ठिकठिकाणी वेगळी नाकी आली आणि तपासणीपलीकडच्या प्रवाशांना बसायलाही जागा पुरेना. शेवटी 2023 मध्ये एकच नवं टर्मिनल उघडलं.

आता विमानांची बाजू. प्रवासी ती पाहत नाहीत, पण विमान कंपन्या रोज तिच्यापायी वेळ घालवतात. दोन बाहूंच्या मधली जागा म्हणजे बंद गल्ली. आतल्या टोकाचं विमान टगने, म्हणजे ढकलगाडीने, मागे ढकललं, इंजिनं सुरू होईपर्यंत ते तिथेच थांबलं, की आत येणारं विमान तोंडाशी अडकतं. जागा वाचवायला गल्लीत एकच मार्ग ठेवला तर सकाळच्या गर्दीत हे रोजचं होतं. शिवाय बाहू मुख्य इमारतीला मिळतो त्या कोपऱ्यात पंख एकमेकांना आडवे येतात. कागदावर मोजलेली एक-दोन गेट तिथेच हातची जातात. ए320 सारख्या विमानाच्या पंखांची रुंदी जवळपास 36 मीटर, मोठ्या विमानांची 60 च्या पुढे. तेव्हा नकाशातली गेट मोजताना कुठल्या आकाराची विमानं धरली आहेत हे आधी विचारा.

सॅटेलाइटची दोन्ही टोकं मोकळी असतात. अटलांटात 1980 पासून समांतर इमारती दोन्हीकडच्या धावपट्ट्यांच्या मध्ये, त्यांना काटकोनात उभ्या आहेत. विमान मागे आलं की कुठल्याही बाजूने निघू शकतं. एका विमानातून उतरून दुसरं पकडणाऱ्यांनाही हे सोयीचं, कारण त्यांना मुख्य इमारतीत यावंच लागत नाही. अटलांटात या इमारतींना जोडणाऱ्या भुयारात ट्रेनशेजारी पायी जायची वाटही आहे. डेन्व्हरमध्ये बी आणि सी इमारतींना जायला प्रवाशांकडे ट्रेनशिवाय पर्याय नाही; ती अडली की सगळंच अडतं. माझं स्पष्ट मत आहे की पायवाट नसलेलं सॅटेलाइट मंजूर करू नये, खर्च वाढला तरी.

सॅटेलाइटची खरी दुखरी नस सामान आहे. माणूस पाटी वाचून ट्रेनमध्ये चढतो, बॅग चढत नाही. अंतर वाढलं की सामानाचे सरकते पट्टे लांबतात, वळणं वाढतात आणि मग कुणीतरी वेगवान स्वयंचलित यंत्रणेचं स्वप्न दाखवतं. डेन्व्हरने ते पाहिलं. रुळांवर धावणाऱ्या छोट्या गाड्यांतून बॅगा पोचवायच्या होत्या. चाचण्यांत गाड्या एकमेकींवर आदळल्या, बॅगा बाहेर फेकल्या गेल्या, विमानतळ 16 महिने उशिरा, फेब्रुवारी 1995 मध्ये उघडला आणि 2005 मध्ये ती यंत्रणा मोडीत निघाली. विमानतळाचं काम बरंच पुढे गेल्यावर तिचं कंत्राट दिलं गेलं, हे मुळातलं दुखणं. म्हणजे सॅटेलाइट घ्यायचंच असेल तर सामानाचा अभियंता वास्तुविशारदाच्या बरोबरीने पहिल्या बैठकीला हवा.

टप्प्याटप्प्याने बांधायचं असेल तर मात्र सॅटेलाइट उजवं. लंडनच्या हीथ्रोचं टर्मिनल 5 मार्च 2008 मध्ये उघडलं, त्याचं दुसरं सॅटेलाइट 2011 मध्ये आलं. चालू इमारतीला बाहू जोडताना भिंती फोडाव्या लागतात, काही गेट बंद ठेवावी लागतात. वेगळी इमारत एप्रनवर बऱ्यापैकी निवांत उभी राहते. अर्थात भुयार पहिल्याच टप्प्यात खणून ठेवायला हवं. विमानं चालू असताना एप्रनखाली खणायला गेलात तर वाचवलेले पैसे त्यातच जातात.

तेव्हा धावपट्टी एकच, प्रवासी बहुतेक त्याच शहरात उतरणारे किंवा तिथूनच निघणारे, जागा आखूड, असं असेल तर बाहूवाली इमारत घ्या. गल्लीत दोन विमानं एकमेकांना ओलांडतील एवढी रुंदी ठेवा आणि बाहूचं टोक पुढे वाढवायला मोकळं सोडा. समांतर धावपट्ट्या असतील आणि कनेक्टिंग, म्हणजे विमान बदलणाऱ्या, प्रवाशांवर भिस्त असेल तर सॅटेलाइट. काठावरचं प्रकरण असेल तर मी बाहूकडे झुकेन, कारण त्यात रोज चालवायची आणि बिघडू शकणारी यंत्रं कमी. सल्लागाराकडून दोन्ही आराखडे घेताना चित्रांबरोबर सर्वांत गर्दीच्या तासाचं वेळापत्रक मागवा: कुठलं विमान कुठल्या गेटवर, किती वाजता मागे निघणार, आणि त्यातली एक ट्रेन किंवा एक पट्टा बंद पडला तर काय.