“इग्निशन गेलंय, कार्ड बदलावं लागेल”

स्विमिंग पूलचं पाणी तापवणारा गॅस हीटर पेटेना म्हणून मेकॅनिकला बोलावलं, तर आल्या आल्या त्याने हे वाक्य टाकलं. (इग्निशन म्हणजे गॅस पेटवणारी यंत्रणा, कार्ड म्हणजे हीटर चालवणारा सर्किट बोर्ड.) मी मान डोलावली आणि पैसे मोजले. नंतर कळलं, त्या दिवशी माझा हीटर इग्निशनपर्यंत पोचलाच नव्हता.

आईचे गुडघे दुखतात. कोमट पाण्यात चालायचा व्यायाम तिला सांगितलाय, त्यामुळे मी घाईत होतो, आणि ही घाई त्याने फोनवरच ओळखली असणार. येण्याआधी त्याने हीटरचे फोटो मागवले. मी पुढचं झाकण काढून आतले चार फोटो पाठवले. आल्यावर त्याने व्होल्ट मोजायचा मीटर बाहेर काढलाही नाही. पॅनेलकडे बघून म्हणाला, “कार्ड उडालंय.” डिस्प्लेवर कसला तरी कोड दिसत होता. त्याबद्दल विचारलं, तर म्हणे, “कार्ड खराब झालं की ते काहीही दाखवतं, साहेब.”

दोन दिवसांनी तो “नवीन कार्ड” घेऊन आला. मला पंप खोलीतला मेन स्विच सांभाळायला पाठवलं, तेवढ्यात काम उरकलं. हीटर पेटला. जुनं कार्ड “कंपनीला परत द्यावं लागतं” म्हणून घेऊन गेला. बिल हाताने लिहिलेलं, त्यावर कार्डाचा नंबर नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही, कारण हीटर चालू होता ना!

आठवडाभरात हीटरमधून किटलीत पाणी उकळावं तसा खदखद आवाज यायला लागला. थोडा वेळ पेटायचा आणि आपोआप बंद पडायचा. पुन्हा तोच माणूस. या वेळी म्हणाला, “गॅस व्हॉल्व्ह गेलाय. खरं तर आता हीटरच बदला.” इथे मात्र मी थांबलो आणि दुसऱ्याला बोलावलं.

दुसरा मेकॅनिक आधी हीटरजवळ गेलाच नाही. तो गेला फिल्टरकडे. तिथल्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दाखवून विचारलं, “स्वच्छ असताना किती असतो?” मला माहीत नव्हतं. बॅकवॉश केल्यावर, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टर धुतल्यावर, काटा जवळजवळ 12 पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं एकक) खाली आला. स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय वाढले की फिल्टर साफ करायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फिल्टर तुंबला की गेजवर दाब वाढतो, पण पुढे हीटरला पाणी कमी मिळतं. हीटरमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारा एक प्रेशर स्विच असतो. पाणी पुरेसं नसेल तर तो हीटरला पेटूच देत नाही. माझा हीटर बिघडला नव्हता, तो आपलं काम चोख करत होता.

मग त्याने झाकण काढलं आणि शांतपणे म्हणाला, “हे बघा.” प्रेशर स्विचच्या दोन टोकांना बोटभर लांबीची वायर जोडलेली होती. पहिल्याने स्विच बायपास केला होता. म्हणजे पाणी वाहो न वाहो, बर्नर पेटणारच. कमी पाण्यात तांब्याच्या नळ्या तापायच्या, आतलं पाणी उकळायचं, खदखद व्हायची आणि शेवटी जास्त तापमानाचा हाय लिमिट स्विच हीटर बंद करायचा. तो एक स्विच त्याने सोडला होता, नशीब. बिघाड शोधताना काही जण क्षणभर वायर टाकून बघतात, पण ती तशीच ठेवून निघून जाणं ही चूक नाही, गुन्हाच आहे.

कार्डाचं काय? मी पाठवलेले फोटो फोनमध्ये होतेच. फोटोतल्या कार्डावरचा सिरीयल नंबर आणि हीटरमधल्या कार्डावरचा नंबर अगदी तोच. कार्ड बदललंच नव्हतं. आणि त्याच फोटोच्या कोपऱ्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला, कोडचा छापील तक्ता दिसत होता. माझ्या डिस्प्लेवरच्या कोडसमोर लिहिलं होतं: पाण्याचा प्रेशर स्विच ओपन, म्हणजे पाण्याचा दाब पुरेसा नसल्याने तो जोडला गेलेला नाही. फोटो मीच काढला होता, फक्त वाचला नव्हता.

दुसऱ्याने मला एक गोष्ट शिकवली, ती सांगतो. तापमान वाढवा आणि कान द्या. आधी पाण्याचा दाब आणि हाय लिमिट तपासले जातात. ते ठीक असतील तरच पंखा फिरतो (ज्या हीटरला असतो त्याचा). मग गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक होतो किंवा ठिणगीची टिकटिक ऐकू येते. त्यानंतर गॅसचा व्हॉल्व्ह ‘टक’ करून उघडतो. पंखाच फिरला नाही, तर इग्नायटर आणि व्हॉल्व्हवर संशय घ्यायची वेळच आलेली नसते. इग्नायटर लाल झाला पण व्हॉल्व्ह उघडला नाही, तर गोष्ट वेगळी. ज्योत पेटून काही सेकंदांत विझत असेल, तर बहुतेक वेळा ज्योत ओळखणारी दांडी काजळलेली असते किंवा अर्थिंग सैल असतं. त्या दांडीतून जाणारा करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो, त्यामुळे थोडी काजळीही पुरते. बरेच हीटर तीनदा प्रयत्न करून लॉक होतात. वीज बंद करून चालू केली की ते लॉक सुटतं आणि काही काळ हीटर “दुरुस्त” झाल्यासारखा वाटतो. या जादूचेही पैसे घेणारे आहेत म्हणे.

ऐकायचं तेवढं आपण करावं. गॅसच्या जोडण्यांना हात लावू नये. वास आला तर हे काहीही न करता कॉक बंद करून लांब जावं.

कार्ड कंट्रोल करतं 24 व्होल्टवर. प्रेशर स्विचच्या एका बाजूला ते व्होल्ट आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, एवढं मीटरने दोन मिनिटांत दिसतं. म्हणूनच आता मीटर न लावता जो “कार्ड गेलं” म्हणेल, त्याला मी चहासुद्धा विचारणार नाही. नवा पार्ट आला तर बंद खोका माझ्यासमोर फोडायचा, जुना पार्ट माझ्याकडे राहील आणि बिलावर सिरीयल नंबर हवा, हे आधीच सांगतो.

पहिल्या मेकॅनिकला फोन करून ते फोटो पाठवले. तो म्हणाला, “हीटर चालू झाला होता ना, साहेब?” पैसे परत आलेले नाहीत. वायरचा तो तुकडा मात्र बिलाला स्टेपल करून ठेवलाय. तक्रारीला जोडायला लागेल.