स्टिअरिंग नकल (knuckle) : जुन्याचा माथा सपाट करावा की नवा घ्यावा?

सस्पेन्शन उंच केल्यावर ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) तिरकी होते आणि खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःच ओढू लागते, म्हणून फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या डाना 44 अॅक्सलच्या नकलवर, म्हणजे अॅक्सलच्या टोकाला चाकासह वळणाऱ्या ओतीव भागावर, उंच आर्म (ती दांडी वरच्या बाजूने जोडणारा हात) बसवू पाहणारा पुण्यातील एक मित्र द्विधेत आहे. जुन्या नकलचा माथा मिलिंगने सपाट करून आटे पाडणे भोसरीतील एखाद्या कुशल वर्कशॉपकडून स्वस्तात होते. मात्र कास्टिंगला वरच्या बाजूस पुरेशी जाडी नसल्यास आर्म धरणाऱ्या स्टडभोवती (आटे असलेल्या खिळीभोवती) तडा जाण्याची भीती राहते, आणि ती उणीव वेल्डिंगने भरून काढणे मला मुळीच मान्य नाही. सपाट माथ्याचा तयार नकल महाग पडतो, आयातीत वेळही जातो, पण जाडी भरवशाची मिळते. बसवण्याची मेहनत सारखीच. सह्याद्रीतील कच्च्या वाटांसाठी, मूळ कास्टिंग जाड असल्यास, मिलिंग पुरेसे आहे. मोठे टायर लावून खडकांवर चढणाऱ्याने नवाच घ्यावा.