तापणारा गेमिंग लॅपटॉप: कूलिंग पॅड, पेस्ट की वॅटची मर्यादा?

गेमिंग लॅपटॉप तापू लागला की दुकानात पहिला सल्ला कूलिंग पॅडचा, म्हणजे खाली ठेवायच्या पंख्यांच्या पाटाचा, मिळतो आणि मित्रमंडळींकडून दुसरा सल्ला ‘उघडून पेस्ट बदलून घे’ असा येतो (पेस्ट म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांकडे, नेणारा लेप). प्रोसेसरला मिळणारी वीजच मर्यादित करण्याचा तिसरा मार्ग मात्र फारसा कोणी सुचवत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नसते. माझे मत आधीच नोंदवतो. प्रथम विजेची मर्यादा, नंतर गरज दिसल्यास साफसफाई आणि पेस्ट, आणि पॅडचा विचार सर्वांत शेवटी, हा क्रम बहुतेकांसाठी योग्य ठरतो. अपवाद कोणते, हे पुढे येईलच.

किती तापमानाला ‘जास्त’ म्हणायचे, हे आधी ठरवले पाहिजे. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, तर एएमडीच्या रायझन प्रोसेसरांची साधारण ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. एनव्हिडियाचे लॅपटॉप ग्राफिक्स चिप बहुधा ८७ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतात. त्यामुळे खेळताना प्रोसेसर ९० अंशांवर दिसला, एवढ्यावरून लॅपटॉप बिघडला असे होत नाही. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची (तापल्यामुळे चिपने स्वतःचा वेग कमी करण्याची) नोंद वारंवार होत असेल आणि त्याच क्षणी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, कोसळत असेल, तरच उपाय करण्याची वेळ आली आहे.

खोलीचे तापमान जितके वाढते, साधारण तितकेच चिपचेही वाढते. म्हणून एकच लॅपटॉप एप्रिलमध्ये बेळगाव शहरातील स्लॅबच्या घरात एक आकडा दाखवतो आणि अथणी-रायबागकडच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून बराच मोठा आकडा दाखवतो. बेळगावची हवा सुमारे ७५० मीटर उंचीमुळे समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्के विरळ आहे आणि तेवढ्या प्रमाणात पंखा कमी उष्णता वाहून नेतो, पण शहराच्या थंडाव्यापुढे हा तोटा किरकोळच म्हणावा लागेल. मुद्दा एवढाच, की इंटरनेटवर दिसणारे आकडे वातानुकूलित खोलीतील असू शकतात आणि त्यांच्याशी आपली तुलना करून खर्चाचा निर्णय घेऊ नये.

निर्णयापूर्वी एक साधी चाचणी करावी. खेळ किंवा जड काम सुरू करावे आणि तापमान कसे चढते ते पाहावे. ते काही सेकंदांतच ९५ अंशांवर उडी घेत असेल, किंवा प्रोसेसरचा एक कोअर (गणना करणारा भाग) इतरांपेक्षा पंधरा-वीस अंशांनी अधिक तापत असेल, तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधील पेस्ट कामातून गेली असल्याचा संशय घ्यावा. उलट तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत जाऊन वर स्थिरावत असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोहोचते आहे, पण तेथून हवा ती बाहेर नेऊ शकत नाही, असा अर्थ होतो. आणि लॅपटॉप नवा असल्यापासूनच असा तापत असेल, तर दोष कशातच नाही. निर्मात्याने लहान खोक्यात अधिक वॅट कोंबले आहेत, एवढेच.

या शेवटच्या प्रकारात विजेची मर्यादा सर्वांत उपयोगी पडते. चिपचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरच्या टोकाचा थोडासा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते, म्हणून तो थोडा वेग सोडून दिल्यास उष्णता त्यामानाने बरीच उतरते. बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना जोडणाऱ्या उष्णतावाहक नळ्या सामाईक असतात. त्यामुळे प्रोसेसरचे वॅट कमी केले, की ग्राफिक्सलाही श्वास घ्यायला जागा मिळते. यासाठी लॅपटॉप कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर किंवा इंटेलच्या बाबतीत थ्रॉटलस्टॉप वापरता येते. व्होल्टेज थेट कमी करण्याची सोय मात्र प्रत्येक यंत्रात मिळेल असे नाही, कारण डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही सुरक्षात्रुटी उघड झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून ही सोय बंद केली. ग्राफिक्स चिपसाठी एमएसआय आफ्टरबर्नरमधून हे काम बहुधा करता येते.

सर्वांत सोपा उपाय फ्रेम रेटवर मर्यादा घालण्याचा आहे. कथाप्रधान खेळ ६० फ्रेमवर समाधानाने खेळता येत असताना यंत्राला ११० फ्रेम काढायला लावण्यात उष्णतेखेरीज काही हाती लागत नाही. विंडोजमधील ‘कमाल प्रोसेसर स्थिती’ ९९ टक्के करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने टर्बो बूस्ट (मूळ वेगाहून जास्त धावण्याची सोय) बंद होतो आणि तापमान झपाट्याने उतरते, हे खरे. परंतु अलीकडच्या प्रोसेसरांचा मूळ वेग बराच कमी असल्याने नेमबाजीच्या ऑनलाइन खेळांत त्याची किंमत मोजावी लागते. वॅटची मर्यादा त्यापेक्षा सौम्य आणि अधिक नेमकी असते.

साफसफाई आणि पेस्ट यांचा विचार जुन्या लॅपटॉपसाठी करावा, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात तो थोडा लवकरच करावा. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळची बारीक धूळ, चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यात पाचट जाळल्यावर उडणारी राख, आणि बांधकामाची माती हे सारे पंख्याच्या वाटेने आत जाते. ही धूळ पात्यांवर दिसते त्यापेक्षा कितीतरी अधिक, पंखा आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यामध्ये घोंगडीसारखी बसलेली असते आणि ती पंखा काढल्याशिवाय पूर्ण निघत नाही. बाहेरून हवा मारायचीच असेल, तर पंखा फिरू नये म्हणून पाती धरून ठेवावीत. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर वापरू नये. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात.

पेस्टबाबत दुकानदाराला दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. पहिला, कोणती पेस्ट लावणार? गेमिंग लॅपटॉपमध्ये चिप वारंवार तापते आणि निवते, त्यामुळे पातळ पेस्ट कालांतराने कडेला सरकते. हनीवेलच्या पीटीएम ७९५० सारखा, पेस्टऐवजी लावायचा पातळ थर सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन जागा भरतो आणि दीर्घकाळ टिकतो, म्हणून माझी पसंती त्याला आहे. दुसरा, ग्राफिक्स मेमरीवरील उष्णतावाहक पॅड (कूलिंग पॅड नव्हे) बदलल्यास त्याच जाडीचे लावणार का? जाडी चुकली, तर हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकतच नाही. कारखान्यातूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) लावलेले असेल, तर लॅपटॉप सरसकट कोणाकडेही उघडायला देऊ नये. ते गॅलियमयुक्त द्रव्य वीजवाहक असते, ॲल्युमिनियम खाते आणि थेंबभर ओघळले तरी मदरबोर्ड निकामी करू शकते. वॉरंटी शिल्लक असल्यास आधी तिच्या अटी वाचाव्यात आणि अधिकृत केंद्र गाठावे. निपाणी-संकेश्वरकडच्यांना त्यासाठी बेळगावपेक्षा कोल्हापूर सोयीचे पडू शकते.

राहिले पॅड. हजार-दीड हजारांचे साधे पॅड घेण्याआधी लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून, खाली पुस्तकाचा आधार देऊन (हवेची जाळी झाकली जाणार नाही अशा बेताने) तोच खेळ पुन्हा खेळून पाहावा. तापमान काही अंशांनी उतरले, तर तळातून हवा कमी पडत होती हे सिद्ध होते; पण मग साध्या पॅडचे बहुतांश काम त्या पुस्तकानेच केलेले असते. काहीच फरक पडला नाही, तर पॅडवरही फारशी आशा ठेवू नये. फोमच्या कडेने लॅपटॉपचा तळ बंदिस्त करून दाबाने हवा आत ढकलणारी महागडी पॅडे ही निराळी जात आहे. ती खरोखर मोठा फरक पाडतात, मात्र त्यांचा आवाज वसतिगृहातील सहकाऱ्याची झोप मोडण्याइतका होऊ शकतो आणि जाळी नसेल तर धूळही तितक्याच जोमाने आत जाते.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी दिवसा कॅड आणि रात्री खेळ, अशा दोन्हींसाठी एकच लॅपटॉप वापरत असेल आणि तो वर्षभराच्या आतला असेल, तर त्याने एक रुपयाही खर्च न करता वॅट आणि फ्रेम यांच्या मर्यादा लावाव्यात. तीन-चार वर्षे जुन्या यंत्राला, विशेषतः वरील चाचणीत उडी दिसली असेल तर, साफसफाई आणि पेस्ट हवीच. तेथे मर्यादा घालणे म्हणजे दुखणे झाकणे होय. ज्याला दुपारीच तासन्तास खेळायचे किंवा व्हिडिओ रेंडर करायचे आहे, वेग सोडायचा नाही आणि हेडफोन लावण्याची तयारी आहे, त्याने बंदिस्त पॅडचा खर्च करावा. टचपॅड किंवा तळ फुगलेला दिसला, तर मात्र या तिन्हींपैकी काहीही करू नये. बॅटरी फुगली आहे असे समजून लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि आधी ती बदलून घ्यावी.