प्रीमियम वाढला: पॉलिसी ठेवावी, बदलावी की लहान करावी?

यावलला आमच्या घरी आप्पांच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीचं रिन्युअल आलं की केळीच्या भावापेक्षा त्याचीच चर्चा जास्त. 2019 मध्ये आई-आप्पांचे मिळून 22 हजार भरायचो, यंदा 41 हजारांची नोटीस. आप्पा म्हणाले, "एक क्लेम नाही, बंद कर." पण आप्पा 67चे, त्यात शुगर. बंद करून पुन्हा घ्यायची म्हटली तर शुगरचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, पहिल्यापासून, तीन वर्षांपर्यंत. तो विचार सोडला.

आहे तीच चालू ठेवली तर? साठीपुढच्यांना वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर जानेवारी 2025 पासून कंपनीला आधी विमा नियामकाकडे जावं लागतं. पण दरसाल 10 टक्के म्हणजेही सात-आठ वर्षांत दुप्पट! 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा. मात्र पाच वर्षं सलग भरलेली असली की 'आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. हे जुनेपण विकत मिळत नाही.

पोर्ट करायची, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, तर रिन्युअलच्या निदान 45 दिवस आधी अर्ज हवा. जुन्या रकमेपुरता आधी भरलेला वेटिंग पिरियड धरला जातो, वाढवलेल्या रकमेला तो नव्याने लागतो. शुगर बघून नवी कंपनी नाहीही म्हणू शकते. पस्तिशीतल्या माणसाने पोर्ट जरूर बघावं. आप्पांच्या वयात मला तो जुगार वाटतो.

तिसरा रस्ता: 10 लाखांची मूळ पॉलिसी 5 लाखांवर आणायची आणि 5 लाखांपुढचा खर्च देणारी जोड-पॉलिसी, म्हणजे सुपर टॉप-अप, घ्यायचा. नुसता टॉप-अप नको. वर्षात 4-4 लाखांची दोन बिलं आली तर टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल 5 लाखांच्या वर नाही. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज धरतो आणि वरचे 3 लाख देतो. एजंट सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे सुपर टॉप-अप ही नवी पॉलिसी, तिचा वेटिंग पिरियडही नवा. म्हणून आधी ती घ्यायची, तिचा काळ संपला की मगच मूळ रक्कम कमी करायची.

खान्देशकरांनी अजून एक कलम वाचावं. काही पॉलिसींत जळगाव-धुळ्याचा प्रीमियम कमी, पण मुंबईत उपचार घेतले की बिलाचा काही टक्का आपल्या खिशातून. बायपाससाठी आपण नाशिक-मुंबई गाठतो, नंदुरबारकर सुरत. 20 टक्के असेल तर 4 लाखांच्या बिलात 80 हजार गेले.

सत्तरीनंतर सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर 5 लाखांचं कव्हर मिळतं, उत्पन्नाची अट नाही. पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं.

आम्ही यंदा 41 हजार भरलेच, वर सुपर टॉप-अपही घेतला. आप्पांनी पावती उलटसुलट पाहिली. "म्हंजे यंदा अजून जास्तच भरनं पडलं ना?"