एनटीएफएस की ईएक्सटी४: फाइलची माहिती कुठे राहते?

नागपूरच्या सीताबर्डीत जुना कॉम्प्युटर घेऊन त्यावर लिनक्स टाकणारे विद्यार्थी बरेच आहेत. त्यांनी फाइलचं नाव, तारखा आणि मालक नेमके कुठे लिहिले जातात हे एकदा समजून घ्यावं. यात खरंच गंमत आहे.

एनटीएफएस आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धती. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मास्टर फाइल टेबल असतं. प्रत्येक फाइलची त्यात नोंद, साधारण १०२४ बाइटची. नाव, वेळा, परवानग्या हे सगळे तिचे गुणधर्म. इतकंच काय, काहीशे बाइटची फाइल असेल तर तिचा मजकूरही त्या नोंदीतच मावतो, वेगळी जागा लागत नाही. मला ही रचना फार आवडते.

लिनक्सच्या ईएक्सटी४मध्ये हे काम आयनोड करतो, म्हणजे प्रत्येक फाइलची एक छोटी नोंद, सहसा २५६ बाइटची. मालक, परवानग्या, वेळा, डेटाचा पत्ता त्यात असतो, पण नाव नसतं! नाव फोल्डरच्या यादीत, आयनोडच्या क्रमांकाला जोडलेलं. म्हणून एकाच फाइलला दोन नावं देणं इथे अगदी सहज. असं जादा नाव, म्हणजे हार्ड लिंक, एनटीएफएसमध्येही होते, पण तिथे प्रत्येक नाव फाइलच्या नोंदीतच वाढत जातं.

एक धोका मात्र आहे. ईएक्सटी४मध्ये आयनोडांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारणपणे दर १६ केबीला एक. लाखो चिमुकल्या फाइली साठवल्या, तर आयनोड संपतात आणि डिस्क अर्धी रिकामी असूनही ‘जागा नाही’ असा संदेश येतो. अशा वेळी ‘डीएफ -आय’ (df -i) ही आज्ञा चालवून किती आयनोड उरलेत ते पाहा. एनटीएफएसचं टेबल गरजेप्रमाणे वाढतं.

तरी लिनक्सच चालवायचं असेल तर ईएक्सटी४च घ्या. परवानग्या तिथेच नीट पाळल्या जातात.